ज्याचा जॉइंट, त्यानं शेजारी उभं राहायचं

हॉस्पिटलचा जिना डॉक्टर मृत्युंजय दोन-दोन पायऱ्या गाळत चढू लागला की पवित्रा सिस्टर समजून जायची, आज स्वारीला दुर्बिणीचं काहीतरी घबाड मिळालेलं आहे. एरवी माणूस शांत, सावकाश बोलणारा, मंगळवार पेठेत कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण पोट न फाडता चार-पाच भोकांतून दुर्बीण आणि लांब दांड्यांची हत्यारं आत घालून करायच्या ऑपरेशनचा विषय निघाला, की उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पित्ताशयं झाली, अपेंडिक्स झाले, हर्निये झाले. २००८ सालच्या त्या श्रावणात त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं. कॅन्सरनं धरलेलं अख्खं जठर दुर्बिणीनं काढायचं, आणि मुख्य म्हणजे काढल्यावर अन्ननलिका आणि आतडं यांची जोडणीही पोटातल्या पोटात, कॅमेऱ्यात बघत करायची.

काढणं त्या मानानं सोपं हो. गवंड्याला विचारा, भिंत पाडायला किती वेळ लागतो आणि बांधायला किती. जठर गेल्यावर माणसानं घास पाठवायचा कुठं, हा खरा प्रश्न. तो सोडवायला मृत्युंजय कोइमतूरला जाऊन शिकून आला होता, आणि परत आल्यापासून बुटाच्या खोक्याला भोकं पाडून आत सुई-दोऱ्याचा सराव करत होता. आधी रबरी हातमोजे शिवले. मग सायकलची ट्यूब शिवली. मग खरं आतडं पाहिजे म्हणून एके दिवशी खाटकाकडून बोकडाची आतडी पिशवीतून घरी घेऊन आला, आणि लिंगायताच्या घरात जे व्हायचं ते झालं. आईनं पिशवी, खोकं आणि मुलगा असं तिन्ही उंबऱ्याबाहेर काढलं.

तेव्हा आसरा दिला तो डॉक्टर अमरसिंहांनी. हॉस्पिटल त्यांचंच. साठीला टेकलेले, पैलवानासारखे रुंद, उघड्या पोटाच्या शस्त्रक्रियेत जिल्ह्यात नाव असलेले. दुर्बिणीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "टीव्ही बघत ऑपरेशन करायचं म्हणजे मालिका बघत भाकरी थापण्यासारखं आहे. करपणारच," असं ते म्हणायचे. पण याच माणसानं आपल्या गच्चीवरची पत्र्याची खोली रिकामी करून दिली. "आतडी इथं आण. आमच्या घरात वजडीचं कुणाला सोवळं नाही," म्हणाले. रविवारी चहाचा कप घेऊन वर यायचे, खोक्यात डोकावायचे, आणि "हा टाका सैल आहे" एवढंच म्हणून खाली जायचे.

आणि त्या श्रावणात एके दिवशी बाळाप्पा आला. मृत्युंजय जिना गाळत चढला तो त्याच्याचसाठी.

कॅन्सरचा पेशंट मिळाला म्हणून खूष होणारा डॉक्टर चांगला की वाईट, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मृत्युंजयला स्वतःलाच त्याची जरा लाज वाटली होती. पण गाठ जठराच्या वरच्या भागात, लवकर सापडलेली, आजूबाजूला पसरल्याची खूण नाही. माणूस पंचावन्नचा, बिद्रीकडं साखर कारखान्यात फिटर, छाती हौदासारखी खोल. असल्या छातीच्या माणसाची अन्ननलिका पार वर, यकृताच्या मागं दडलेली असते. मध्ये छोटा छेद घेऊन तिथं हातानं टाके घालायचे म्हणजे विहिरीच्या काठावर बसून तळाशी सुई ओवायची. मोठा छेद घ्यावा तर महिनाभर खोकतानासुद्धा जीव जातो. दुर्बीण मात्र थेट तिथं जाऊन उभी राहते.

मृत्युंजयनं वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर चित्र काढून त्याला समजावायला घेतलं. बाळाप्पा गादीवर मांडी घालून, चष्मा नाकावर ओढून बघत होता. शेजारी बायको चन्नम्मा पदर तोंडाला लावून उभी.

"म्हंजे टाकी काढणार," बाळाप्पा म्हणाला.

"जठर काढणार, अण्णा. सगळं."

"त्येच की. टाकी. मग वरली लाईन सरळ खालच्या तोंडाला जोडा. येक जॉइंट, काम फत्ते."

"तसं चालत नाही. त्या तोंडाशी पित्त येतं, पाचक रस येतो. थेट जोडलं तर ते सगळं वर घशाकडं चढणार. आतून भाजून काढील."

"मग नॉन-रिटर्न वाल्व टाका की!"

"तसला वाल्व कुणी काढलेला नाही अजून," मृत्युंजय हसला. त्यानं पेननं एक रेघ ओढली. "म्हणून असं करायचं. लहान आतडं इथं तोडायचं. तोडलेलं खालचं टोक वर ओढून घ्यायचं आणि अन्ननलिकेला जोडायचं. राहिलं पित्ताकडचं टोक. ते त्याच आतड्याला, पण खाली, चांगलं हातभराहून जास्त अंतर सोडून बाजूनं जोडायचं. तेवढी लांबी मध्ये आली की पित्त वर चढत नाही. आपोआप खाली जातं."

बाळाप्पानं चित्रातल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग त्याचे डोळे चमकले. "खाली टी मारायचा!"

"टी मारायचा," मृत्युंजय म्हणाला, आणि दोघंही एखादी चोरी जमल्यासारखे एकमेकांकडं बघून हसले.

"अय्यो देवरे," चन्नम्मा म्हणाली, "ह्यो दवाखाना हाय का कारखाना? पोट कापायचं हाय आन दोगं बी हसाय लागलासा!"

"तू गप. माणसाला काम कळलं की भ्या जातंय," बाळाप्पा म्हणाला, आणि मृत्युंजयकडं वळून त्यानं आवाज जरा उतरवला. "डाक्टर, येक गोष्ट. आमच्यात रीत हाय. नव्या लाईनीत पयल्यांदा वाफ सोडताना, ज्यानं जॉइंट मारला त्यानं जॉइंटच्या शेजारी उभं ऱ्हायाचं. सायेब बी लांब, हेल्पर बी लांब, पर फिटर हालत न्हाय. जॉइंट फुटला तर पयलं त्येला लागणार. म्हणून फिटर कवा जॉइंट कच्चा मारत न्हाय."

"बरं मग?"

"मग काय! माझी लाईन चालू हुईल तवा तुमी शेजारी उभं ऱ्हायाचं. पयल्या घोटाला."

"राहीन," मृत्युंजय म्हणाला. शब्द देताना त्याला तो फार सोपा वाटला.

अमरसिंह सरांनी परवानगी दिली, पण अट घालून. "जोडणी अडली आणि मी उघड म्हणालो, की पोट उघडायचं. हुज्जत नाही. आणि हा जॉइंट गळला, तर माणूस हातचा जाईल हे लक्षात ठेव. बाकी तुझं खूळ राहतं की जातं, ते मग बघू."

ऑपरेशनच्या सकाळी बाळाप्पाच्या गळ्यातलं लिंग काढायची वेळ आली. चांदीची डबी आत चालणार नव्हती, आणि लिंग अंगावेगळं करायला चन्नम्मा तयार नव्हती. मृत्युंजयला हे कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती, त्याच्या आईनं यापेक्षा जास्त दंगा केला असता. त्यानं लिंग डबीतून काढून स्वच्छ पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं आणि बाळाप्पाच्या डाव्या दंडाला बांधलं. चन्नम्मानं गाठ तपासली आणि मगच ट्रॉली हलली.

पहिला टप्पा असा गेला की बघत राहावं. पडद्यावर सगळं मोठं, लखलखीत दिसत होतं. मृत्युंजयनं जठराच्या रक्तवाहिन्या एकेक करून बंद केल्या, भोवतालच्या लसीका ग्रंथी अलगद सोडवल्या, खालचं तोंड स्टेपलरनं मिटवलं, वर अन्ननलिका तोडली, आणि मोकळं झालेलं जठर आतच एका पिशवीत भरून बाजूला ठेवलं. ते शेवटी बेंबीजवळच्या छोट्या छेदातून बाहेर यायचं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टर अनुजा मॅडम म्हणाल्या, "वा!" अमरसिंह सर भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "हत्ती गेला, शेपूट राहिलंय. शेपटालाच वेळ लागतो."

आणि तसंच झालं. मृत्युंजयनं आतडं तोडलं, खालचं टोक पकडून वर आणलं, आणि ते अन्ननलिकेपासून दोन बोटं अलीकडंच थांबलं. ओढून पोचलं असतं. पण ओढून जोडलेलं आतडं टाक्यातून फाटून सुटतं, हे त्याला गच्चीवरच्या बोकडानंही शिकवलं होतं. त्यानं आतडं परत खाली सोडलं. आतड्याला रक्त आणणारा जो पातळ पदर असतो, तो दुर्बिणीच्या उजेडात धरला, मागून प्रकाश पाडून शिरा कुठून कशा जातात ते पाहिलं, आणि मधली एक बारीक शीर बंद करून पदर हळूच मोकळा केला. पुन्हा वर आणलं. आता आतडं आपणहून अन्ननलिकेच्या शेजारी जाऊन पडलं, दुपारी जेवून पसरलेल्या माणसासारखं सैल. रंग गुलाबी. मृत्युंजयनं मास्कच्या आत शीळ घातली.

मग दोन्ही नळ्यांना एकेक भोक. स्टेपलरचा एक जबडा अन्ननलिकेत, दुसरा आतड्यात. दाबला. कर्रकर्र आवाज झाला, आणि एका दमात पिनांच्या रांगा दोन्ही बाजूंनी बसून मधला पडदा चिरला गेला. दोन नळ्यांची एक झाली! आता स्टेपलर बाहेर आला त्या जागचं भोक तेवढं उरलं, आणि ते हातानं शिवायचं होतं. हाच तो खोक्यातला धडा. बाहेर हात उजवीकडं न्यावा तर आत टोक डावीकडं जातं. सुई वाकडी, जागा चिंचोळी, वर हृदय धडधडतंय आणि प्रत्येक ठोक्याला सगळं हलतंय. टाका, गाठ. टाका, गाठ.  शेवटची गाठ बसली तेव्हा मृत्युंजयच्या लक्षात आलं की आपण हसतोय, कधीपासून ते आपल्यालाच माहीत नाही.

"पंक्चर बघ," अमरसिंह सर म्हणाले.

जोडणीभोवती पाणी भरलं. अनुजा मॅडमनी नळीतून हवा सोडली. सगळे पडद्याकडं बघत राहिले. आणि जोडणीच्या डाव्या टोकाकडून, सायकलवाल्याच्या घमेल्यात दिसावा तसा, एक बुडबुडा निघाला. जरा वेळानं आणखी एक.

मृत्युंजयनं दुर्बीण डाव्या टोकाजवळ घ्यायला लावली. अमरसिंह सर भिंतीपासून सुटून टेबलाजवळ आले. उघड, असं ते म्हणाले असते तर त्यानं उघडलं असतं. शब्दच तसा दिला होता. पण सर पडद्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "डावा कोपरा सैल आहे. दोन टाके घाल. रविवारी घालायचास तसे."

दोन टाके घातले. पुन्हा पाणी, पुन्हा हवा. आता काही नाही. पुन्हा हवा. काही नाही. मग खालचा टी. तो तर त्याच्या हातानं गाणं म्हणत शिवला. जोडणीजवळ एक रबरी नळी ठेवून तिचं टोक बाहेर पिशवीत सोडलं. आत गळती झालीच तर पहिली खबर तीच देणार होती. ट्रॉली बाहेर आली तेव्हा बाळाप्पाच्या पोटावर चार-पाच छोट्या पट्ट्या आणि बेंबीजवळ एक जरा मोठी, एवढंच दिसत होतं. चन्नम्मानं चादर वर करून पाहिली आणि तिला वाटलं ऑपरेशन झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी बाळाप्पा खुर्चीत बसला. तिसऱ्या दिवशी नळीची पिशवी हातात धरून व्हरांड्यात चालला, आणि येईल त्याला "टाकी काढली माझी, बायपास लाईनीवर हाय मी" म्हणून सांगू लागला. मृत्युंजयचे पाय जमिनीला लागत नव्हते. हॉस्पिटलात ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय.

पाचव्या दिवशी एक्स-रेत दिसणारं औषध बाळाप्पाला पाजायचं आणि ते जोडणीतून नीट खाली उतरतंय का बघायचं, असं ठरलेलं होतं. तोवर तोंडानं थेंबही नाही. सगळं सलाइनवर. पाचवा दिवस उगवला आणि मृत्युंजयनं बाळाप्पाच्या कपाळाला हात लावला. "जरा कोमट वाटतंय. उद्या करू," म्हणाला. थर्मामीटरमध्ये काही नव्हतं. सहाव्या दिवशी म्हणाला, "एक्स-रेवाल्याकडं आज गर्दी आहे. उद्या करू." एक्स-रेवाला खाली वर्तमानपत्र वाचत बसला होता.

खरं काय ते त्याला माहीत होतं. भीती. तो बुडबुडा त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. जेवताना ताकाच्या पेल्यात फेस दिसला तरी त्याला डावा कोपरा आठवायचा. जोवर टेस्ट होत नाही तोवर जॉइंट पक्का आहे, असा काहीतरी पोरकट हिशेब त्याच्या मनानं मांडला होता. रोज जिना चढताना आता एकेक पायरी येत होती, आणि ते पवित्रा सिस्टरच्या नजरेतून सुटलं नव्हतं. बाळाप्पाच्या तर अजिबातच सुटलं नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी राउंडला तो खोलीत शिरला. मागून अमरसिंह सर. आदल्या दिवशी उचगावहून बाळाप्पाची मेहुणी भेटायला येऊन गेली होती. आजाऱ्याला भेटायला हात हलवत कसं जायचं, म्हणून तिनं कोकम सरबताची बाटली आणली होती, चांगली घट्ट, साखर घातलेली. चन्नम्मा तोंड धुवायला गेली होती. बाळाप्पा उशीला टेकून बसला होता आणि त्याचा एक हात चादरीखाली होता.

"डाक्टर, जरा हिकडं या. आनखी जवळ. हां, हितं. हितंच उभं ऱ्हावा."

"काय झालं? दुखतंय?"

"हलू नगासा," बाळाप्पा म्हणाला. "वाल्व उघडतोय."

चादरीखालून स्टीलचा पेला निघाला. मृत्युंजयचा हात पुढं जाईपर्यंत बाळाप्पानं पेला तोंडाला लावला आणि लालभडक सरबत घटाघटा पिऊन टाकलं, शेवटच्या थेंबापर्यंत.

"अण्णा!" मृत्युंजय ओरडला. "अहो काय केलंत हे!"

"बोंबलू नगा. पिशवी बगा," बाळाप्पा म्हणाला. त्यानं ओठ पुसले आणि नळीची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली. "म्हणून तर लाल पिलो. गळालं तर हितं लाल येणार. पिवळंच ऱ्हायलं तर पास."

अमरसिंह सरांनी दार लावून घेतलं, स्टूल ओढलं आणि कॉटच्या पायथ्याशी बसले.  तिघंही पिशवीकडं बघू लागले. नळीत फिकट पिवळसर पाणी होतं, रोजच्यासारखं. 

"का केलंत असं?" शेवटी त्यानं विचारलं. 

"तुमी काल बी उद्या म्हणालासा, परवा बी उद्या म्हणालासा. मी काय येडा हाय व्हय? आमच्यात बी हुतंय तसं. येकांदा फिटर झकास जॉइंट मारतो आन वाफ सोडायची म्हटली की पाना हुडकत बसतो. त्येचा जॉइंट कच्चा नसतोय, डाक्टर. छाती हुत न्हाय. मग दुसऱ्या कुनीतरी वाल्व उघडाय लागतो." तो जरा थांबला. "तुमी झोपत न्हाईसा. डोळं बगा आरशात. म्हटलं, ह्यो माणूस माझ्यापायी मरंल."

 मृत्युंजयला राग आला होता, तो कुठल्या कुठं विरला. तेवढ्यात चन्नम्मा आत आली, पेला पाहिला, बाटली पाहिली, आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. पण ओरडायची तिला संधीच मिळाली नाही. बाळाप्पाचा चेहरा पांढरा पडत होता.

"कसंतरीच व्हाय लागलंय," तो पुटपुटला. कपाळावर घामाचे टपोरे थेंब आले. हात थरथरू लागले. त्यानं पोट धरलं. "पिळा... पिळा पडतोय आत..."

मृत्युंजयनं मनगट धरलं. नाडी घोड्यासारखी उधळली होती. झालं, गळला! डावा कोपरा!  "सिस्टर, थिएटर तयार ठेवा! अनुजा मॅडमना बोलवा!" पवित्रा सिस्टर धावली. चन्नम्मानं नवऱ्याच्या दंडावरचं फडकं घट्ट धरलं आणि ती कानडीत देवाचा धावा करू लागली.

"मृत्युंजय," अमरसिंह सर बसल्या जागेवरून म्हणाले. "पिशवी."

पिशवीत पिवळसर पाणी. लाल टिपूससुद्धा नाही.

मृत्युंजयचा हात मग आपोआप बाळाप्पाच्या पोटावर गेला. गळती झालेलं पोट फळीसारखं घट्ट असतं. हे पोट मऊ होतं. त्यानं स्टेथोस्कोप लावला, वर, मग मधे, मग खाली डावीकडं. आणि तो तसाच थबकला. आत नुसता गोंधळ चालला होता! पाटात पाणी सोडावं तसा खळखळाट, धावपळ, गडगडाट. आठवडाभर गप्प असलेलं आतडं जागं होऊन कामाला लागलं होतं. हातभर खाली, टीच्याही खाली, आवाज येत होता. म्हणजे सरबत तिथं पोचलं होतं. जॉइंटमधून नीट, सरळ, सगळंच्या सगळं पोचलं होतं!

"साखर!" तो ओरडला. "अण्णा, साखर! तुम्हाला टाकी नाही!"

"आं?" बाळाप्पा कण्हला.

"टाकी नाही तुम्हाला! जठर असतं तर सरबत तिथं थांबलं असतं, थोडं थोडं खाली गेलं असतं. तुम्ही पेलाभर गोड एका दमात सोडलंत, ते थेट आतड्यात जाऊन आदळलं. त्याचा हा घाम. त्याची ही धडधड. झोपा आडवे. बसेल ते आपोआप."

बाळाप्पा आडवा झाला. जरा वेळानं घाम सुकू लागला, नाडी उतरू लागली, चेहऱ्यावर रंग आला. तो छताकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी काही शरम पसरली ती बघण्यासारखी होती. एवढा पाईपलाईनीचा जाणता माणूस, व्हरांडाभर टाकी काढली म्हणून सांगत फिरला, आणि ऐन वेळी टाकी आहे असं धरून वाल्व पूर्ण उघडला.

"इसरलोच की," तो म्हणाला. "टाकीच न्हाय हे इसरलो."

अमरसिंह सरांनी हात पुढं केला. मृत्युंजयनं स्टेथोस्कोप दिला. सरांनी तो लावून बराच वेळ ऐकलं, डोळे मिटून, आणि मग त्यांचं रुंद तोंड हळूहळू फाकलं. "गळीत हंगाम सुरू झाला की रे लेका!" असं म्हणून त्यांनी मृत्युंजयच्या पाठीत जी थाप घातली, ती त्याला दोन दिवस दुखत होती.

दुपारी एक्स-रे झाला. पडद्यावर औषधाची रेघ अन्ननलिकेतून उतरली, जोडणीपाशी क्षणभर रुंदावली, आणि डाव्या कोपऱ्याला नमस्कार करून शांतपणे खाली निघून गेली. बाहेर एक थेंब नाही. मृत्युंजयचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्यानं जिन्यात उभं राहून, कुणी बघत नाही असं पाहून, डोळे पुसले. पवित्रा सिस्टर बघत होती. तिनं सगळ्यांना सांगितलं.

गाठीचा तपास चांगला आला. कडा साफ, आजूबाजूच्या लसीका ग्रंथीही साफ. बाळाप्पा घरी गेला तो जेवायची नवी शिस्त घेऊन, दिवसातून सात-आठ वेळा, चिमणीएवढं, चावून चावून. चन्नम्मानं घरातली साखर कुलपात ठेवली.

दिवाळी झाली, आणि एक दिवस बाळाप्पाचा फोन आला. डॉक्टरांनी कारखान्यावर यायचं. हंगामाआधी एक नवी वाफेची लाईन टाकली होती, वरचं शेवटचं काम बाळाप्पानं हलक्या हातानं का होईना स्वतः केलं होतं, आणि आज वाफ सोडायची होती. मृत्युंजय गेला. बॉयलरच्या बाजूला कानठळ्या बसतील असा आवाज. बाळाप्पा वाळला होता, शर्ट खांद्यावरून उतरत होता, पण उभा होता ताठ, चकचकीत नव्या जॉइंटच्या शेजारी.

"या. हितं या. शेजारी."

कुणीतरी लांबून हात केला. वाफ सुटली. पाईप ठणठणला, थरथरला, आणि मृत्युंजयचं पाऊल नकळत मागं गेलं. बाळाप्पानं त्याचं मनगट पकडलं.

"डाक्टर. हालायचं न्हाय."

पाईप तापला, कुरकुरला आणि गप्प झाला. जॉइंट कोरडा ठणठणीत. बाळाप्पानं त्यावरून हातरुमाल फिरवून बघितला, समाधानानं मान हलवली, आणि कोपऱ्यात ठेवलेला डबा आणला. चन्नम्मानं जोंधळ्याची भाकरी दिली होती, मऊसूत, दुधात मळलेली, आणि वांग्याची पातळ भाजी. ऑपरेशनपासून भाकरी त्यानं दुधात कुस्करूनच खाल्ली होती. आज पहिल्यांदा तो ती मोडून, चावून खाणार होता.

"डॉक्टर म्हणून सांगतो, बेतानं खा," मृत्युंजय म्हणाला.

"डाक्टर म्हणून काय बी सांगू नगासा. फिटर म्हणून उभं ऱ्हावा," बाळाप्पा म्हणाला. त्यानं भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला, आणि चावू लागला. चावतोय, चावतोय, चावतोय. भोवतीची माणसं काम थांबवून बघू लागली. शेवटी त्यानं मृत्युंजयच्या डोळ्यांत बघत घास गिळला.

वरून खाली, त्या डाव्या कोपऱ्याजवळून, घास निघाला. मृत्युंजयला तो स्वतःच्या छातीतून उतरत असल्यासारखा वाटला. तो जागचा हलला नाही.